नाव घालणे

बर्तन बाजारात, गल्लीच्या तोंडाशी
स्टुलावर बसून बाबा भांड्यांवर नावं घालायचे.
हातात टोकदार कलम, त्याची वायर शेजारच्या दुकानातून उसनी,
आणि दिवसभर एकच आवाज, टर्रर्र.
तो थांबला की आई डाळीला फोडणी द्यायची.
गिऱ्हाइकाला ते एवढंच विचारत:
कुमुदिनीतला दि पहिला की दुसरा?
स्टीलवरचं चुकलेलं अक्षर पुसता येत नाही,
त्यावर फूल काढता येतं फक्त.
इंदुरातल्या किती फडताळांत
असली विनाकारण फुलं असतील!

मी कॅट रोडची बस पकडते.
अंधारी खोली, हवेवर तरंगणारं टेबल,
चिमट्यात नखाएवढा पत्रा
आणि त्यावर प्रकाशाचा ठोका.
किती वेळाचा? बाबांनी विचारलं.
म्हटलं, एका सेकंदाची तीन कोटी वर्षं केलीत
तर आमचा ठोका अर्ध्या मिनिटाचा.
पोह्यांवर शेव भुरभुरवत म्हणाले,
मग उरलेला वेळ तू काय करतेस तिथे?

उरलेला वेळ मी वाट बघते.
उष्णतेला बातमी लागायच्या आत
पोलादाचा वरचा थर गेलेला असतो.
कड वितळत नाही, शेजाऱ्याला चटका बसत नाही.
बाबांच्या कलमाला मात्र बर यायची.
नाव घालून झालं की अंगठ्याने चाचपायचे,
म्हणून त्या अंगठ्याला कायम बारीक चिरा,
कार्डावर ठसा उमटला नाही
आणि दोन महिने रेशन अडलं.

आमच्या चरांना अंगठा लागत नाही.
एका केसाच्या जाडीत शंभरेक मावतात.
ते मी कोरत नाही, खरं सांगायचं तर.
मी ठोका देते,
प्रकाश ज्या दिशेने थरथरतो तिला आडव्या
ओळी आपोआप पडतात,
जशा ओल्या वाळूवर
पाण्याने काढलेल्या.

पहिला पत्रा घरी आणला तेव्हा
बाबांनी तो खिडकीशी नेऊन तिरपा केला.
मोरपिशी. अजून तिरपा, तांबूस.
सरळ धरला की नुसता काळपट.
रंग कुठला वापरता?
कुठलाच नाही.
विश्वास बसला नाही. रॉकेलच्या बोळ्याने घासून पाहिला.

पाण्याचं दाखवायचं होतं मला.
थेंब सोडला, तो मुकाट पसरला,
पत्र्याने अख्खा पिऊन टाकला.
असं व्हायला नको होतं.
बाबा काही बोलले नाहीत,
पत्रा आडकित्त्याच्या खणात ठेवला,
रबरबँड, विजेची बिलं, आईची मण्यांची डबी
यांच्या सोबतीला.

तीन आठवड्यांनी फोन, प्रयोगशाळेतच:
अगं, तुझं ते पाणी घेईना आता.
मला कारण माहीत होतं. नवा पृष्ठभाग
हवेतले सूक्ष्म तेलकट कण धरत जातो
आणि हळूहळू पाण्याशी बोलणं सोडतो.
सांगितलंही तसं, जमेल तितक्या मराठीत.
त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले,
म्हणजे घरात राहिलं, फोडणीचा धूर खाल्ला,
आणि पक्कं झालं.
मी नाही म्हणू शकले नाही.

रविवारी चमच्याने थेंब सोडत बसले होते.
मोत्यासारखा थेंब टुणकन उडे,
घरंगळून टेबलावरून लुंगीवर.
हसत होते मोठमोठ्याने.
भांड्याच्या धंद्यातला माणूस,
म्हणे, पाणी टिकत नाही असलं भांडं
पहिल्यांदाच बघतोय.

मग एक थेंब अडला,
डाव्या कोपऱ्यापासून दोन चिमूट आत.
दुसरा सोडला, तोही तिथेच.
बाबांनी चष्मा कपाळावर घेतला,
चिरांचा अंगठा त्या जागेवर ठेवला.
इथे चुकलीस.

सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली
ती जागा सापडायला अडीच तास लागले.
त्या रात्री वीज क्षणभर डोळा मारून गेली होती,
सहा-सात ओळी वाकड्या.
नोंदवहीत तारीख घातली, वेळ घातली.
फूल काढायची सोय
आमच्याकडे अजून नाही.